विश्रांतीची उंची

"कवळीकडून तुम्हाला नेमकं काय हवंय, ताई?"

डॉ. ऋजुता कोरे हा प्रश्न प्रत्येकाला विचारायची, तोंडात आरसा घालण्याच्याही आधी. कुणी म्हणायचं, मटण चावता आलं पाहिजे. कुणी म्हणायचं, नातीच्या लग्नात फोटो बरा यावा. एक निवृत्त हेडमास्तर लाजत म्हणाले होते, "शीळ घालायचीय." उत्तरावरून माणूस कळतो आणि माणूस कळल्याशिवाय कवळी बसत नाही, असं तिचे सर शिकवायचे. सर गेले, मिरजेतल्या दवाखान्यांतून नवी नवी यंत्रं आली, पण हा प्रश्न ऋजुतानं सोडला नव्हता.

वैजयंतीताई जोगळेकरांनी पदरानं ओठ टिपले.

"दत्तजन्माचं कीर्तन करायचंय."

पण 'दत्त' हा शब्द ओठांपर्यंत येता येता विरघळला. 'द' पोकळ निघाला, 'त्त' तर हवेतच राहिला. ताई स्वतःशीच हसल्या. "बघितलंस ना? देवाचंच नाव जिभेवर टिकत नाही. बाकी काही नको मला."

"मला हवंय," शेजारी बसलेले नाना म्हणाले. ताईंचे यजमान, ऐंशीला टेकलेले. चाळीसेक वर्षं ताईंच्या कीर्तनाला पेटीची साथ केलेला माणूस. "घरात शेंगदाण्याची चटणी कुटलेली हवीय. दोन वर्षं सगळं वाटूनच चाललंय."

"तुमचे दात शाबूत आहेत ना? मग तुम्ही कुटा."

ऋजुताला हसू आलं. दोन वर्षांपूर्वी मधुमेहानं हिरड्या सैल झाल्या आणि ताईंचे उरलेसुरले दात काढावे लागले. मग कुणाकडून तरी एक कवळी करून घेतली. ती भर पूर्वरंगात हलायला लागली, खटखट वाजायला लागली.

"टाळकरी कमी पडले म्हणून कवळीनं साथ धरली," नाना म्हणाले.

"यांना चेष्टा सुचते. मी तोंडावर पदर धरून आख्यान उरकलं, डॉक्टर. त्यानंतर गादीवर उभी राहिले नाही."

हे सांगताना त्यांचे डोळे कोरडे होते. ऋजुताला तेच जास्त लागलं.

*

दवाखान्यातलं नवं यंत्र म्हणजे मुखवेध. हिरड्यांवर कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ एक पारदर्शक अस्तर बसवायचं आणि हनुवटीखाली एक मऊ पट्टी लावायची. अस्तराला जिभेचा, गालांचा, ओठांचा प्रत्येक स्पर्श कळतो. पट्टीतून ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत जातात आणि परत येताना जिभेचं चित्र घेऊन येतात. ते चित्र समोरच्या भिंतीवर उमटतं.

दात गेले की त्यांना धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजतं, पाण्यात बांध विरघळावा तसं. पण जीभ विसरत नाही. आतून ती ढकलते, बाहेरून गाल आणि ओठ ढकलतात. या दोन शेजाऱ्यांच्या मधे जो चिंचोळा बोळ उरतो, तिथंच नवे दात सुखानं उभे राहतात. पूर्वीचे डॉक्टर हा बोळ अंदाजानं शोधत. मुखवेध माणसाला बोलायला, गायला लावून तो शोधतो.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड असते. माणूस निवांत असतो तेव्हा वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत. मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट असते. तेव्हाचं दोन जबड्यांमधलं अंतर म्हणजे विश्रांतीची उंची. कवळी त्या उंचीपेक्षा थोडी बुटकीच असावी लागते. फट कवळीनं खाऊन टाकली तर दात दिवसभर एकमेकांवर आपटतात आणि हिरड्या ठणकतात. फट फार ठेवली तर चेहरा मिटल्यासारखा होतो आणि अक्षरं पडतात. आणि गंमत अशी, की माणसाला 'आता आराम करा' म्हटलं की तो हमखास आवळून बसतो.

हे सगळं मिळालं की मुखवेध आणखी एक करतो. लाखो तोंडांच्या अभ्यासावरून तो, अजून न झालेली कवळी घातल्यावर माणूस कसा बोलेल, ते आधीच ऐकवतो.

"म्हणजे पुढं होणारं कीर्तन आज ऐकायचं?" नानांनी विचारलं.

"एक-दोन ओळी. पण नाना, चाचणी चालू असताना खोलीत दुसरा आवाज नको. तुम्ही अगदी गप्प बसायचं."

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा," ताई म्हणाल्या.

पडदे ओढले. भिंतीवर ताईंची जीभ उमटली, चांदण्याच्या रंगाची, मोठी. एखाद्या तळ्यात मासा वळावा तशी ती वळत होती. वर टाळूची कमान होती, गाभाऱ्याच्या छतासारखी. ताई भान हरपून बघत राहिल्या.

"अगंबाई. एवढी सुंदर असते ती? आणि मी हिच्यावर काय काय बोलले असेन गं."

ऋजुतानं त्यांना आवडीचं पद म्हणायला सांगितलं. ताईंनी डोळे मिटले. दत्तजन्माच्या आख्यानात त्या दर वर्षी घेत ते पद, त्यांच्या गुरूंनी रचलेलं:

"दार तुझे दूर, दाटला अंधार..."

आणि थांबल्या. भिंतीवरची जीभ खाली बसली, सैल झाली. क्षणभरानं त्यांनी पुढच्या कडव्याची ओळ घेतली आणि तिच्या मध्यावर पुन्हा तेच झालं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर नाना मूठ तोंडाशी धरून बसले होते. डॉक्टरांचा शब्द त्यांनी पाळला.

मग ऋजुता म्हणाली, "आता काही करू नका. फक्त आराम." ताईंनी आराम करायचा प्रयत्न केला. त्यांची जीभ काही थांबेना. ओठ मिटलेले, आवाज नाही, पण भिंतीवर तो चंदेरी मासा एकाच लयीत हलत होता. पुन्हा पुन्हा तेच वळण.

"ताई, काही म्हणताय का मनात?"

"नाही गं." मग ओशाळून, "नाम असेल. ते काही मी म्हणत नाही, ते चालूच असतं."

थोड्या वेळानं मुखवेधाचा निष्कर्ष आला. ऋजुतानं तो मनात दोनदा वाचला. विश्रांतीची उंची मिळाली नाही. आणि पुढं असं, की वाक्य पुरं होण्याआधी जीभ वारंवार निकामी होते, मेंदूला सौम्य झटका येऊन गेला असण्याची शक्यता. बोलण्यासाठी कवळी उपयोगाची ठरणार नाही, फक्त मऊ खाण्यापुरती द्यावी.

यंत्रानं आवाजही ऐकवला. ताईंचाच आवाज, भरीव. 'दार'मधला 'द' खणखणीत. "दार तुझे दूर, दाटला अंधार." आणि मग ओळ संपण्याआधी तो आवाज एका पोकळीत उतरून नाहीसा झाला.

"हा माझा पुढचा आवाज?" ताईंनी विचारलं.

ऋजुतानं यंत्र बंद केलं. मग निष्कर्ष दोघांना समजावून सांगितला.

*

मेंदूच्या डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही. "कधी कधी यंत्रांना आमच्या आधी कळतं," ते म्हणाले, आणि त्या वाक्यानं उरलासुरला धीरही नेला.

जोगळेकरांच्या घरात आता एक नवी शांतता राहायला आली. नाना ताईंना ओट्याशी उभं राहू देईनात. भाजीवाली दारात आली की ताईंनी तोंड उघडायच्या आत नानाच बोलत, "मेथी दे, दोन जुड्या." ताईंना अंबाडी हवी असायची.

"मला बोलू द्या की हो."

"कशाला शिणवतेस स्वतःला?"

"शिणायला मी काय डोंगर चढतेय? अंबाडी म्हणणार होते, एवढंच!"

पण ताईही बदलल्या होत्या. बोलता बोलता मधेच थांबून त्या स्वतःचं ऐकायच्या. देवघरात बसल्या की जिभेवर लक्ष जायचं आणि लक्ष गेलं की नाम अडखळायचं. जे आपोआप वाहत होतं त्याला त्या आता पायऱ्या मोजत उतरवत होत्या. दुपारी डोळा लागला की स्वप्नात तेच तळं दिसायचं, तोच चांदण्याचा मासा, आणि तो ओळ पुरी होण्याआधीच तळाशी जाऊन निपचित पडायचा.

कृष्णाकाठच्या दत्तमंदिरातून पुजारी आले तेव्हा ताईंनी सांगितलं, "यंदा दुसरं कुणी बघा. देणाऱ्यानं जीभ दिली, आता परत मागतोय. त्याच्याशी काय वाद घालायचा?" पुजारी हळहळले, पण मागं हटले नाहीत. जयंतीच्या आठवडाभर आधी विचारायला पुन्हा येतो म्हणाले.

नाना आत जाऊन पेटीवरची खोळ नीट करत राहिले. ती नीटच होती.

*

खाण्यापुरती का होईना, कवळी करायची तरी विश्रांतीची उंची हवीच होती. ऋजुतानं ताईंना पुन्हा बोलावलं. बिनचालक रिक्षा दारापर्यंत आली, नानांनी ताईंना हाताला धरून उतरवलं, जणू काही त्या काचेच्या होत्या.

पुन्हा अस्तर, पुन्हा पट्टी. ऋजुतानं जुनी युक्तीही करून पाहिली, 'म म म' म्हणायला लावून मधेच थांबवायचं. यंत्र नाही म्हणालं. जीभ चालूच.

"मला एकदा पुरी ओळ म्हणू दे," ताई एकदम म्हणाल्या. "शेवटापर्यंत. मला बघायचंय कुठं मरते ती."

"नको, वैजू," नाना म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो."

त्यांनी घेतलं, "दार तुझे दूर, दाटला अंधार..." आणि थांबल्या. कपाळावर शीर उठली. पुढचे शब्द त्यांना पाठ होते, शेकडो वेळा ऐकलेले, पण जीभ तिकडं वळायलाच तयार नव्हती. बैल ओळखीच्या वळणावर थांबतो, तशी ती थांबली होती. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पुन्हा ओळ घेतली, पुन्हा तिथंच आल्या.

आणि कोपऱ्यातून, डॉक्टरांचा शब्द मोडून, म्हाताऱ्या भरड गळ्यातून आलं:

"दिसू दे दिवा, देवा, दिसू दे दिवा."

नानांनी स्वतःच दचकून तोंडावर हात ठेवला. पण ऋजुता त्यांच्याकडं बघतच नव्हती. ती भिंतीकडं बघत होती. चांदण्याचा मासा खाली बसला होता, सैल, रुंद, निर्धास्त. नामाचं वळणही थांबलं होतं. जबडा अलगद लोंबत होता, कुठंही आवळलेला नाही. आणि यंत्राच्या कोपऱ्यात दोन्ही वेळा लालच राहिलेला ठिपका हिरवा झाला होता.

विश्रांती मिळाली होती.

"नाना, पुन्हा म्हणा," ऋजुता म्हणाली. "ताई, तुम्ही अर्धी ओळ घ्या. नाना, तुम्ही पुढची उचला. कीर्तनात करता तसंच."

ताईंनी घेतलं, नानांनी उचललं. हिरवा. पुन्हा. हिरवा.

ऋजुता खाली बसली. "माझीच चूक," ती म्हणाली. "या यंत्रानं लाखो माणसं ऐकली आहेत, पण सगळी एकेकटी बसवून. एकटं बोलणारा माणूस ओळ अर्धी सोडत नाही, सोडलीच तर आजारानं सोडतो. आणि मी नानांना गप्प बसवलं. ताई, तुमची जीभ निकामी होत नाही. तिथं ती टेकते. चाळीस वर्षं तिथं नाना होते. मी तुमच्यात विश्रांती शोधत होते आणि आजारही शोधत होते, आणि दोन्हींची जागा एकच निघाली."

मग ताई नानांकडं वळल्या.

"म्हणजे मी आजवर एकही ओळ पुरी म्हटलेली नाही?"

"मग मी काय तिथं नुसता भाता हलवत होतो?" नाना म्हणाले, आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला.

*

दोन दिवसांनी नाना एकटेच आले. दाराशी चपला काढून, देवळात यावं तसे.

"पोरी, एक विचारायचंय. तिला सांगू नकोस."

"नाना, पेशंट त्या आहेत. त्यांच्या तोंडाचं काहीही त्यांना न सांगता होणार नाही."

"बरं, मग सांग. पण आधी ऐक. माझ्या हृदयाची झडप सैल आहे. किती दिवस, ते देवाला ठाऊक. तू कवळी जर माझ्या आवाजावर बेतलीस, तर मी गेल्यावर ती ओळ कोण पुरी करणार? ती गादीवर उभी राहील आणि अर्ध्यातच... नको. तिला एकटीला पुरी म्हणता येईल अशी कवळी कर."

तसं करता येत होतं. उंची किंचित कमी धरायची, दातांची ठेवण जिभेच्या टोकाला जवळ आणायची, आणि मुखवेधापुढं महिने-दोन महिने सराव करून जिभेला शेवटपर्यंत जायची नवी सवय लावायची. ऋजुताला ते जमणारं होतं. पण एका तोंडात दोन सवयी राहत नाहीत. जीभ एकदा ओळ पुरी करायला शिकली की ती टेकायची जागा कायमची बुजणार होती.

तिनं दोघांना समोरासमोर बसवून हे सगळं सांगितलं. ताईंनी शांतपणे ऐकलं. मग नवऱ्याकडं बघितलं.

"तुम्ही आधी जायचं ठरवलंय का? मला विचारलंत?"

"वैजू, समजून घे..."

"काय समजून घ्यायचं? चाळीस वर्षं मला श्वास घ्यायला जागा दिलीत, ती आता स्वतःच्या हातानं बुजवायला निघालात! आणि वर चोरून!"

"मी गेल्यावर तुझी फजिती नको म्हणून."

"माझी फजिती मी बघेन." ताई डॉक्टरकडं वळल्या. "त्याच उंचीची कर गं. जिथं मी टेकते तिथली."

"हट्टी आहेस."

"आहेच."

पण नानांना पटलेलं नव्हतं. जाताना दाराशी ते ऋजुताला हळूच म्हणाले, "बघच तू. तिला कळेल." त्या वेळी तिला त्याचा अर्थ लागला नाही.

कवळी झाली. पहिल्या दिवशी तोंडात घातल्यावर ताई आरशाकडं गेल्याच नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि म्हटलं, "दत्त." शब्द पुरा, नीट कोरलेला, ओठांबाहेर येऊन उभा राहिला. त्यांनी तो पुन्हा म्हटला. मग बराच वेळ म्हणत राहिल्या, आणि ऋजुतानं पुढच्या पेशंटला बाहेरच थांबायला सांगितलं.

*

मार्गशीर्षातली पौर्णिमा. दत्तजन्म सूर्यास्ताला, म्हणून कीर्तन दुपार कलताच उभं राहिलं. मंदिराच्या ओवरीत बायका-माणसं दाटून बसली होती. ऋजुता बायकांत, एका खांबाला टेकून. कीर्तनाला ती लहानपणानंतर प्रथमच आली होती.

ताई गादीवर उभ्या राहिल्या. पूर्वरंग सुरू झाला आणि ऋजुता आधी अक्षरंच ऐकत राहिली. 'द' नीट आहे, 'स' शिट्टी वाजवत नाही, 'फ' सुटत नाही. मग कधीतरी तिनं अक्षरं ऐकणं सोडून दिलं. ताई अत्रींच्या आश्रमातल्या एका सकाळबद्दल सांगत होत्या, दारात आलेल्या तीन अतिथींबद्दल, आणि ती सकाळ ओवरीतच उजाडत होती.

पूर्वरंग संपला. पुजाऱ्यांनी ताईंना बुक्का लावला, हार घातला. आणि मग नाना पेटीमागून उठले, गुडघ्यावर हात टेकत पुढं आले, आणि त्यांनी ताईंच्या पायांवर डोकं ठेवलं. नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्या माणसापुढं वय नसतं, नातं नसतं. ताई हलल्या नाहीत. घरी याच बाईनं त्यांना सकाळी चहा गार झाला म्हणून सुनावलं होतं.

उत्तररंग रंगला. जन्माची घटका जवळ आली. बाहेर नदीवर पिवळं पडलेलं ऊन मावळत होतं आणि धुकं उतरू लागलं होतं. ताईंनी पद घेतलं:

"दार तुझे दूर, दाटला अंधार..."

आणि थांबल्या.

नानांची बोटं पट्ट्यांवर होती, भाता चालू होता, सूर भरून राहिला होता. पण नानांचं तोंड मिटलेलं होतं. घट्ट. त्यांनी मान खाली घातली होती.

ऋजुताला 'बघच तू'चा अर्थ एकदम लागला. मी नसेन तेव्हा असं होईल, हे ते ताईंना आज, सगळ्यांसमोर, जन्माच्या घटकेला दाखवत होते. आत्ताच शीक, म्हणत होते. आता ताईंच्या कपाळावर शीर उठेल, जीभ धडपडेल.

तिनं ताईंकडं बघितलं. शीर उठलेली नव्हती. ताई उभ्या होत्या, चिपळ्या छातीशी, ओठ किंचित विलग, जबडा सैल. ऋजुताला आत पाहायला यंत्राची गरज नव्हती. जीभ टेकलेली होती. नवऱ्याचा आवाज आला नव्हता, आणि तरीही ती टेकली होती. ताई वाट बघत होत्या. घाई नव्हती, भीती नव्हती. हाक मारून झाल्यावर माणूस दारात उभं राहतं, तशा उभ्या होत्या.

पेटीचा एकच सूर लांबत गेला.

मागं, चपलांच्या ढिगाऱ्याशी बसलेल्या कुणा बाईनं, पार बेसूर आवाजात, म्हटलं, "दिसू दे दिवा..."

दोघी-तिघींनी धरलं. मग पुरुषांच्या बाजूनं एक जाड आवाज आला, मग पुजाऱ्यांचा, मग अख्खी ओवरी, "देवा, दिसू दे दिवा," कुणी वर, कुणी खाली, आणि ते धुक्याबरोबर नदीवर गेलं. ऋजुताच्या लक्षात आलं की तिचेही ओठ हलत आहेत. शब्द ती भिंतीसमोर बसून शिकली होती.

ताईंनी तिथंच डोळे मिटले.

नानांनी मान वर केली. सगळ्या लोकांवरून त्यांची नजर हळूहळू फिरली, जणू ही माणसं आत्ताच कुठून तरी आली होती. मग त्यांनी तोंड उघडलं. सगळ्यांत शेवटी, अर्धी मात्रा मागं राहून, तेही म्हणू लागले.

ऋजुतानं कान देऊन त्या गजरात त्यांचा आवाज शोधला. तो वेगळा निघेना.